वेगाची रेषा आणि घाईची रेषा

गेल्या वैशाखात, भर दुपारी, पोलादपूरच्या वरच्या अंगाचा एक मुलगा माझ्याकडे सात वह्या आणि कागदाची एक लांबलचक सुरळी घेऊन आला. वय एकोणीसच्या आसपास. मुंबईच्या कला महाविद्यालयात प्रवेश मिळवायचा, असे त्याच्या मनात होते. महाडला मी बरीच वर्षे चित्रकला शिकवली, तेव्हा म्हाताऱ्याकडून चार शब्द ऐकावेत म्हणून कोणीतरी त्याला माझे घर दाखवले असावे. पाणी पिऊन झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, "सर, हात झरझर चालायला काय करू? माणसं काढायला मला फार वेळ लागतो."

मी वह्या उघडल्या आणि पाने मोजू लागलो. एका वहीत शंभर पाने, दर पानावर पाच-सहा माणसे. साडेतीन-चार हजार माणसे काढणारा मुलगा म्हणतो की आपल्याला वेळ लागतो! मला हसू आले. पण पाने उलटत गेलो तसे ते ओसरले. त्याची तक्रार खरी होती, मात्र तिचे नाव त्याने चुकीचे सांगितले होते. या लेखात मला त्या वह्यांचे परीक्षण करायचे आहे. प्रसिद्ध चित्रकारांच्या प्रदर्शनांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. शिकणाऱ्याच्या वहीवर सहसा कोणी लिहीत नाही. आणि चित्रकार घडतो की बिघडतो ते तर वहीतच ठरत असते.

या वह्या बहुतांशी एस.टी.त भरलेल्या आहेत. महाड ते पोलादपूर हे अंतर अठरा-वीस किलोमीटरांचे. रोजचे जाणे-येणे, खिडकीशी जागा मिळाली तर वही मांडीवर, नाहीतर उभ्याने दांड्याला कोपर अडकवून. पेंगणारा म्हातारा, पिशवीवर हनुवटी टेकलेली बाई, तिकिटाचे यंत्र पोटाशी धरून गर्दीतून वाट काढणारा कंडक्टर, हे सारे विषय उत्तम. परंतु सातही वह्यांत मला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एकाही माणसाला पाय नाहीत! बसच्या गर्दीत पाय दिसतच नाहीत, तेव्हा तिथे ते नसणे समजण्यासारखे आहे. पण महाडच्या स्थानकावर उभी असलेली माणसे काढतानाही त्याची रेषा गुडघ्यापाशी विरघळून जाते. डोके नीट, चेहरा बारकाईने, खांदे बरे, कमरेशी गोंधळ, आणि खाली धुके. माणसे उभी नाहीत, दोरीवर वाळत घातली आहेत असे वाटते.

कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "मी डोक्यापासून सुरुवात करतो. कमरेपर्यंत येतो तोवर माणूस हलतो."

त्याच्या मंदपणाचे मूळ इथे होते. हात मंद नव्हता. तो भलत्या ठिकाणी खर्च होत होता. माणूस दहा सेकंद स्थिर उभा राहणार हे ठाऊक असताना त्यातील सहा सेकंद नाकपुडीला देणे हा अव्यवहार झाला. उभा माणूस आपले वजन कोणत्या पायावर टाकतो, हे आधी पाहावे. गळ्याच्या खळगीतून खाली सरळ ओळंबा सोडला तर तो भार घेणाऱ्या पायाच्या घोट्याजवळ येतो. त्या बाजूचे ढुंगण वर उचललेले असते आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा किंचित खाली झुकलेला. एवढे तीन ठोके कागदावर पडले की माणूस खुशाल हलू दे, बस सुटू दे. तुमच्यापाशी त्याचे उभे राहणे आले. नाक मागून सवडीने काढता येते, नाकावाचून कोणाचे अडत नाही.

आता दुसऱ्या एका दोषाविषयी, आणि याला एकटा तो जबाबदार नाही. तिसऱ्या वहीच्या मध्यापासून त्याचा हात एकाएकी सफाईने चालू लागतो. रेषा गुळगुळीत, प्रमाण अचूक, साडेसात डोक्यांचा देह. मी चकित झालो. मग ध्यानात आले की ही माणसे आपल्याकडची नव्हेत. मोबाईलवर अशी सोय असते म्हणे, की एकेक उघडा देह तीस सेकंद पडद्यावर येतो, घंटा वाजते, दुसरा येतो. मुलाने दोन महिने रात्री ती साधना केली होती. साधना वाईट नाही. स्नायू कोठून निघून कोठे रुततात हे कळलेच पाहिजे. पण चौथ्या वहीत तो स्थानकावर परत आला आणि नऊवारी नेसलेल्या बाईच्या अंगात त्याने तो परदेशी देह कोंबला. काष्टा मांडीवर कसा आवळतो, गुडघ्यामागे त्याची घडी कशी पडते, डोक्यावर ओझे असले की पदर कोणत्या खांद्यावरून ताणला जातो, हे काही त्या तीस सेकंदांच्या देहांनी त्याला सांगितले नव्हते. खांद्याच्या स्नायूचे लॅटिन नाव तो मला सांगू शकला. घोंगडी पांघरलेल्या माणसाचा खांदा कोठे संपतो ते कागदावर दाखवू शकला नाही.

हा दोष नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांमध्ये स्मरणचित्राचा कागद असतो. वाचकांपैकी अनेकांनी तो दिला असेल, निदान घरातल्या मुलांचा पाहिला असेल. 'बाजारातील दृश्य', 'बसथांबा', 'पाणवठा' असे विषय. त्याची तयारी आपण कशी करून घेतो? पाच माणसे पाठ करून घेतो! एक पाठमोरी बाई कमरेवर घागर घेतलेली, एक छत्रीवाला, एक बसलेला भाजीवाला, एक हात वर केलेले मूल आणि मागे दोन अस्पष्ट डोकी. विषय कोणताही येवो, तीच पाच माणसे कधी बाजारात उभी राहतात, कधी बसथांब्यावर. मीही ती पाठ करून घेतली आहेत, आणि माझ्या विद्यार्थ्यांना 'अ' श्रेणीही मिळाल्या आहेत. पाठांतराने वेग येतो यात शंका नाही. पोपटालाही तो येतो.

याच ठिकाणी मला घाई आणि वेग असा भेद करावासा वाटतो. समोरचे माणूस न पाहता, हाताला आधीच ठाऊक असलेले माणूस कागदावर उतरवून मोकळे होणे, ही घाई. मग तिला दोन तास का लागेनात. वेगवान रेषेत बहुतेक वेळ डोळा खर्च करतो आणि हाताच्या वाट्याला अगदी शेवटचा क्षण येतो. १८७८ साली लंडनच्या न्यायालयात व्हिसलर या चित्रकाराला विरुद्ध बाजूच्या वकिलाने दोन दिवसांच्या कामाची एवढी किंमत का, असे डिवचले होते. त्यावर आपण साऱ्या आयुष्यात मिळवलेल्या ज्ञानाची किंमत मागतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते आणि आळशी चित्रकारांच्या फार उपयोगी पडते. तथापि तीत तथ्य आहे.

आपल्याकडे या बाबतीत पहिले नाव घ्यावे ते महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेला हा चित्रकार विद्यार्थी म्हणून सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि पुढे तेथेच शिक्षक झाला. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' असे आहे. १९१२ साली निघालेल्या एडवर्ड्सच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे'साठी आणि १९१४ साली निघालेल्या किंकेडच्या 'डेक्कन नर्सरी टेल्स'साठी त्यांनी चित्रे काढली. हे दुसरे पुस्तक म्हणजे आपल्या श्रावणातल्या कहाण्यांचा इंग्रजी अवतार. धुरंधरांच्या पुस्तकांतली, पोस्टकार्डांवरची माणसे पाहावीत. पगडी, पागोटे, रुमाल, नेसण यांवरून माणूस कोणत्या गावचा आणि कोणत्या धंद्याचा ते कळते. पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट ही, की प्रत्येकाचे पाय जमिनीला लागलेले असतात. ओझे वाहणाऱ्याची मान निराळी आणि ओझे उतरवून ठेवलेल्याची निराळी. एवढे काम एवढ्या सहजतेने करणाऱ्या माणसाने रस्त्यावर किती पाहिले असेल!

त्यांचे शिवराज्याभिषेकाचे चित्र तर आमच्या भागात घरोघर ठाऊक असलेले. ज्या रायगडावर १६७४ साली तो सोहळा झाला, तो याच महाड तालुक्यात; त्यामुळे चित्र परके वाटतच नाही. दरबारातली दाटी त्यांनी ज्या पद्धतीने पेलली आहे ती शिकणाऱ्याने तासभर बसून पाहावी. मात्र स्पष्टच सांगायचे तर धुरंधरांच्या सफाईलाही पुढे पुढे सवय जडली. त्यांच्या कित्येक स्त्रिया एकाच आईच्या मुली वाटतात. नाकाचा तोच उतार, मान वळवण्याची तीच लकब. ज्या हाताला सगळे येते त्याला पुन्हा पाहण्याचा कंटाळा येत असावा.

दिवाळी अंकाच्या वाचकांना दीनानाथ दलालांची ओळख करून द्यायला नको. १९१६ साली जन्मलेल्या आणि १९७१ साली गेलेल्या या चित्रकाराने १९४५ साली 'दीपावली' सुरू केला. घरात अंक आला की मजकुराआधी मुखपृष्ठ पाहण्याची सवय मराठी माणसाला लागली ती पुष्कळशी त्यांच्यामुळे. दिवाळीच्या तोंडावर छापखाना थांबत नाही, कथालेखक वेळेवर कथा देत नाहीत, आणि या दोहोंच्या कात्रीत चित्रकार सापडतो. त्यांच्या कुंचल्याच्या रेषेत जाडी-बारकी होत जाणारी जी लय दिसते, ती अशा कात्रीतही टिकली याचे मला नवल वाटते. दलालांच्या सुंदर स्त्रीपेक्षा तिच्या मागे अर्धवट सोडलेला माणूस मला नेहमी अधिक आवडत आला आहे. सुंदर स्त्री वाचकांसाठी काढलेली असते, मागचा माणूस चित्रकाराने स्वतःसाठी काढलेला.

कृष्णा हेब्बर यांचे उदाहरण मी त्या मुलाला मुद्दाम सांगितले. नाचणाऱ्या देहाची रेषा सापडावी म्हणून ते स्वतः नृत्य शिकले होते. मुलगा म्हणाला, "म्हणजे मी पण नाचू?" मी म्हटले, "नाचू नकोस, पण लावणीला शेतात तरी उतर."

हा विनोद नव्हता. हलणारे माणूस काढण्याची एक जुनी आणि खात्रीची युक्ती अशी, की ज्याची हालचाल पुन्हा पुन्हा तीच होते असे माणूस गाठावे. आषाढात पोलादपूरच्या खाचरांत बायका ओळीने वाकून आवणे लावतात. हात खाली जातो, रोप रुततो, हात मुठीकडे परततो. एकाच पानावर चार आकृत्या मांडाव्यात. ज्या अवस्थेत हात असेल त्या आकृतीत एक रेषा घालावी, हालचाल पुढे गेली की पुढच्या आकृतीत. दहा मिनिटांत चारही पुऱ्या होतात, आणि कोणालाही 'जरा थांबा' म्हणावे लागत नाही. मासळीबाजारात विळीवर मासे कापणारी बाईही तशीच. पावसात शाई फुटते, म्हणून शिसपेन्सिल घ्यावी, आणि खोडरबर घरी ठेवावा.

याच्या जोडीला अगदी उलट अभ्यासही हवा. निकोलाईदिस नावाच्या अमेरिकन शिक्षकाचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ साली निघाले. त्यात अर्ध्या मिनिटाची झरझर आकृती आणि मुंगीच्या पावलाने कडेकडेने जाणारी रेषा, हे दोन्ही अभ्यास तो विद्यार्थ्याकडून बरोबरच करून घेतो. आपल्याकडे मुरलीधर आचरेकरांनी 'रूपदर्शिनी'त प्रत्यक्ष देहावरून केलेली रेखाटने आणि आपली जुनी शिल्पे शेजारी शेजारी ठेवली, ती पाहिली की मंद पाहणे आणि जलद काढणे यांची सांगड कळते. आचरेकरांचे पुस्तक महाडात सहज मिळणार नाही. पण गांधारपाल्याची लेणी महामार्गावरून दिसतात. "दर रविवारी पायऱ्या चढून जा, आतल्या बुद्धमूर्तीपुढे तासभर बस आणि एकच आकृती काढ," असे मी त्याला सांगितले. ती मूर्ती हलत नाही, बस पकडायची तिला घाई नाही. बसलेल्या माणसाचे वजन कोठे असते, हे तिच्याकडून जितके कळेल तितके माझ्याकडून कळणार नाही. माझ्या चाळीस वर्षांच्या वह्या २०२१ च्या जुलैतील महापुरात गेल्या. नाहीतर मी केलेल्या चुकाही त्याला दाखवल्या असत्या.

आता सातव्या वहीकडे आणि त्या सुरळीकडे वळतो. खरे म्हणजे हा लेख त्यांच्यासाठीच लिहिला.

२० मार्च रोजी चवदार तळ्यावर जी गर्दी लोटते ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगून कळणार नाही. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली केला होता, पण तो कागदावरच राहिला. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांसह तळ्यापर्यंत चालत आले आणि पाणी प्यायले. त्यानंतरचा न्यायालयातला वाद उच्च न्यायालयात संपेपर्यंत १९३७ साल उजाडले. त्या पाण्यासाठी अजून दूरदूरहून माणसे येतात. यंदा हा मुलगा वही घेऊन तिथे होता आणि दिवसभरात त्याने एकतीस आकृत्या काढल्या.

तीस साधारण आहेत. एकतिसावी मी अजून विसरू शकलेलो नाही. एक म्हातारी पायरीवर वाकून ओंजळीत पाणी घेत आहे. मी रेषा मोजल्या, नऊ भरल्या. चेहरा नाही. पाठीची एक लांब कमान मानेपासून निघते, कमरेशी जरा अडखळते आणि टाचेपर्यंत जाते. होय, टाच आहे! साऱ्या वह्यांत तेवढीच. ओंजळीसाठी दोन तुटक रेषा, आणि त्यांच्यातली कागदाची कोरी जागा हेच पाणी. ते पान काढायला किती वेळ लागला ते त्याला सांगता आले नाही. "एवढंच झालं, मग मागचे लोक पुढे आले," म्हणाला.

मग त्याने सुरळी सोडली. त्याच आकृतीवरून घरी अकरा दिवस बसून केलेले मोठे रंगीत चित्र, प्रदर्शनाला पाठवायचे म्हणून. लुगड्याच्या काठावरची नक्षी मोजून घ्यावी अशी, सुरकुत्या एकेक, डोळ्यांत पाणी, मागे निळे आभाळ. मेहनत निर्विवाद होती. परंतु म्हातारीची पाठ सरळ झाली होती. ती ताठ उभी होती आणि पाणी जणू आपण होऊन तिच्या ओंजळीत चढून आले होते.

मी माझ्या सवयीप्रमाणे कठोर बोललो. म्हटले, नऊ रेषांत जी बाई होती ती अकरा दिवसांत तू घालवलीस. हे कॅलेंडर झाले. पहिल्या चित्रात तू पाहिलेस, दुसऱ्यात तू आठवलेस, आणि तेही दुसऱ्यांची चित्रे आठवलीस.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ती माझी आजी आहे, सर. तिथं तिला वाकलेली कशी दाखवू?"

समीक्षकाला असे उत्तर फार क्वचित मिळते, आणि मिळाले की त्याची पुस्तके कामाला येत नाहीत. ज्या चुकीला मी शिकाऊ हाताची ठराविकता समजलो ती त्याने जाणूनबुजून केली होती. ज्या तळ्यावर त्याच्या पणज्याला पाण्याजवळ जाता येत नव्हते, त्या तळ्यावर आपली आजी झुकलेली दिसू नये, असे नातवाला वाटले तर त्याला चूक म्हणणारा मी कोण?

तरीही विचार करून मी माझे मत सोडले नाही, आणि ते त्याला सांगितले. पाण्यासाठी वाकणे आणि माणसापुढे वाकणे यांतला फरक त्याच्या नऊ रेषांना कळला होता. त्या पाठीत लाचारी कुठेच नव्हती. मान खाली नव्हती, नजर ओंजळीकडे होती, आणि टाच पायरीवर अशी रोवलेली की कोणी ढकलले तरी ती हलली नसती. ताठ उभ्या केलेल्या म्हातारीचे वजन मात्र कोणत्याच पायावर नव्हते. "तिचा मान तू पहिल्या चित्रातच राखलास," मी म्हणालो, "दुसऱ्यात तुझा विश्वास कमी पडला." हे त्याला पटले असे मी म्हणणार नाही. त्याने चित्राची सुरळी जपून बांधली, वही मात्र माझ्याकडे राहू दिली आणि साडेपाचची गाडी गाठायला निघून गेला.

मोठे चित्र त्याने शेवटी प्रदर्शनाला पाठवले की नाही ते मी विचारले नाही. गणपतीत तो पुन्हा आला, आठवी वही घेऊन. मोदक खाता खाता मी ती चाळली. लावणीची पाने चिखलाने डागळलेली होती. एकावर अंगठ्याचा ठसा तसाच उमटलेला. लेण्यातल्या मूर्तीची सहा रेखाटने होती, त्यांपैकी पाच वाईट. मधे एक अख्खे पान निव्वळ पायांचे होते. बांधावरचे, चिखलातले, एस.टी.च्या पायरीवरचे, चपलेतले, अनवाणी. आणि कोपऱ्यात दोन म्हातारे पाय, बोटांत जोडवी घातलेले.

"घरीच काढले," तो म्हणाला. "ती भाकऱ्या करत होती. सारखी हलत होती, पण पाय तेवढे एका जागी होते."